चुलीवर टिकते ते का टिकते?

(कारधा येथे जमलेल्या प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



प्रयोगशाळेवाचून विज्ञान कसे शिकवावे, हा प्रश्न आपण मला नेहमी विचारता. शाळेत परीक्षानळी नाही, स्पिरिटचा दिवा नाही, कपाट आहे तर त्याला कुलूप नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या नाहीत असे भासविण्यासाठी मी येथे आलेलो नाही. परंतु आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी एक प्रयोगशाळा दिवसातून दोन वेळा चालू होते. तिचे नाव स्वयंपाकघर. त्या प्रयोगशाळेतील एकच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. ज्या अग्नीत लाकडाची राख होते, त्याच अग्नीवर मातीचे मडके, लोखंडी तवा आणि पितळी गंज वर्षानुवर्षे कसा टिकतो?

हा प्रश्न वर्गात विचारला की दोन उत्तरे ठरलेली येतात. पहिले उत्तर असे की, या वस्तू कठीण असतात म्हणून टिकतात. दुसरे असे की, त्या धातूच्या असतात म्हणून टिकतात. ही दोन्ही उत्तरे तपासून पाहण्यासारखी आहेत. हिऱ्याइतका कठीण पदार्थ नित्याच्या ओळखीचा दुसरा नाही. पण तोही प्राणवायूत पुरेसा तापविला तर कोळशासारखा जळून जातो. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७२ साली भिंगांनी सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला होता. उलट चुलीतील राख बोटाने चुरगळते, पण तिला कितीही जाळा, ती आणखी जळत नाही. तेव्हा कठीणपणा हे कारण नव्हे. धातूचे म्हणाल, तर कल्हईचे कथील हाही धातूच आहे, आणि तो चुलीवर पाहता पाहता वितळतो. शिवाय मडके धातूचे नसूनही टिकते. तेव्हा धातू असणे हेही पुरेसे कारण नव्हे.

अडचण अशी आहे की, 'उष्णता सोसणे' हा आपण एकच गुण समजतो. वस्तुतः त्या एका शब्दात चार निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. ती वस्तू प्रत्यक्षात किती तापते? ती जळते का? ती वितळते का? आणि ती तडकते का? या चार प्रश्नांची उत्तरे स्वतंत्र आहेत. एखादी वस्तू तीन परीक्षांत उतरते आणि चौथीत हरते. हे चार प्रश्न मुलांच्या मनात नीट वेगळे झाले, म्हणजे पुष्कळसे काम झाले असे समजावे.

पहिला प्रश्न घेऊ. चुलीतील लाकडाच्या ज्वाळेचे उष्णतामान ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकते. गॅसच्या शेगडीची निळी ज्योत तर सुमारे १९०० अंशांपर्यंत जाते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर वितळते. मग एखादा चौकस मुलगा विचारील की, गुरुजी, गॅसवरचा तवा वितळून का जात नाही? हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची पाठ थोपटावी, कारण प्रश्न योग्यच आहे.

त्याचे उत्तर असे की, ज्योतीचे उष्णतामान आणि भांड्याचे उष्णतामान या दोन भिन्न गोष्टी आहेत. हौदात एका नळाने पाणी येत असावे आणि दुसऱ्या तोटीने वाहून जात असावे, तर हौद केव्हा भरेल हे केवळ येणाऱ्या पाण्यावर ठरत नाही. तव्याचेही तसेच आहे. खालून ज्योत उष्णता देते आणि वरून भाकरी, हवा व सभोवारचा परिसर ती काढून घेतो. या देवघेवीत तवा साधारणतः दोनशे-तीनशे अंशांपाशी स्थिरावतो. लोखंड वितळण्यास त्याच्या कितीतरी पट उष्णतामान हवे.

भांड्यात पाणी असेल तर ही राखण अधिकच भक्कम होते. पाणी १०० अंशांवर उकळू लागले की त्यापुढे मिळणारी उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते, पाण्याचे उष्णतामान वाढत नाही. म्हणून पाण्याने भरलेल्या भांड्याचा तळ शंभर अंशांपेक्षा फार वर जात नाही. आपला जिल्हा भाताचा. भात आटला आणि लक्ष राहिले नाही तर तो खाली लागतो, हे आपल्या सर्व मुलांना ठाऊक आहे. पाणी होते तोवर पाणीच तळाचे रक्षण करीत होते, ते संपताच तळ एकदम तापला, एवढाच त्याचा अर्थ. हेच तत्त्व दाखविण्यासाठी साध्या कागदाचा द्रोण करून त्यात पाणी घालावे आणि तो शिक्षकाने स्वतः मेणबत्तीवर धरावा. पाणी गरम होते, कागद पेटत नाही. कागद पेटण्यास दोनशे अंशांहून पुष्कळ अधिक उष्णता लागते आणि पाणी त्याला तेथवर जाऊच देत नाही. मात्र ज्योत पाण्याच्या पातळीच्या वर लागली तर तेथला कागद लगेच पेटतो. वर प्लास्टिकचा थर असलेला कागद घेऊ नये.

याच संदर्भात एक मौजेची वस्तू आपल्या घरोघरी आहे. गॅसच्या शेगडीचा बर्नर पुष्कळदा पितळेचा असतो. पितळ ९०० ते ९४० अंशांच्या सुमारास वितळते आणि ज्योत तर त्याच्या दुप्पट उष्ण! तरी बर्नर टिकतो, कारण ज्योत छिद्रांच्या किंचित वर जळत असते, खालून येणारा थंड वायू व हवा बर्नरला सतत निववीत असतात, आणि पितळ स्वतःतील उष्णता झपाट्याने इतरत्र वाहून नेते. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले गेले. त्या गावच्या परिसरातील मुलांना पितळेचा हा गुण अवश्य सांगावा.

आता दुसरा प्रश्न, जळण्याचा. जळणे म्हणजे पदार्थाचा प्राणवायूशी वेगाने संयोग होणे. लाकडात कार्बन व हायड्रोजन असतात. तापल्यावर त्यांचा प्राणवायूशी संयोग होतो, वायू व वाफ उडून जातात, आणि जे जळण्यासारखे नव्हते तेवढे राख होऊन मागे उरते. मडक्याच्या मातीत मुख्यतः सिलिकॉन व ॲल्युमिनियम ही मूलद्रव्ये आहेत. परंतु ती प्राणवायूशी आधीच संयोग पावलेली आहेत. त्यांची प्राणवायूची भूक केव्हाच भागलेली आहे. मग त्यांनी आणखी जळायचे ते कशाने?

येथे मला एका उत्तरपत्रिकेची आठवण सांगितली पाहिजे. शाळा कोणती, ते महत्त्वाचे नाही. 'मातीचे मडके चुलीवर का जळत नाही?' असा प्रश्न होता. एका मुलीने लिहिले होते, 'ते आधीच जळून आलेले असते.' त्यावर लाल शाईने फुली होती आणि शेजारी मार्गदर्शकातील उत्तर लिहिले होते की, 'मातीत उष्णता सहन करण्याची शक्ती असते.' चौकशी केली तेव्हा कळले की मुलगी कुंभाराच्या घरची. आता या दोन उत्तरांची तुलना करा. 'सहन करण्याची शक्ती असते म्हणून सहन करते' यात प्रश्नच उलटा करून पुन्हा सांगितला आहे, कारण काहीच सांगितलेले नाही. मुलीच्या उत्तरात मात्र खरे कारण होते, आणि तेही दुहेरी. मातीतील मूलद्रव्ये निसर्गतःच प्राणवायूशी जोडली गेलेली आहेत, हा एक अर्थ. आणि तिच्या बापाने आव्यात मडके भाजले तेव्हा त्यातील काडीकचरा जळून गेला, पाचशे-सहाशे अंशांच्या सुमारास मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून गेले व कण एकमेकांस कायमचे चिकटले, हा दुसरा अर्थ. म्हणूनच भाजलेले मडके पाण्यात टाकले तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. आव्याची परीक्षा उतरलेल्या मडक्याला चुलीची आच काय नवी?

त्या फुलीचे मोल काय झाले, याचा आपण विचार करावा. एका गुणाचे नुकसान किरकोळ आहे. पण घरी जे पाहिले, हाताने केले, ते ज्ञान नव्हे आणि पुस्तकात छापले तेवढेच ज्ञान, असा धडा ती मुलगी त्या दिवशी शिकली असेल, तर ते नुकसान मोठे आहे. कुंभार, तांबट, लोहार, वीटभट्टीवर राबणारे मजूर, यांची मुले आपल्या वर्गात पुष्कळदा मागच्या रांगेत बसतात. अग्नीविषयी त्यांना जे ठाऊक असते ते पुढच्या रांगेतील मुलांना आणि कधीकधी आपल्यालाही ठाऊक नसते. या विषयाच्या तासाला तरी त्यांना पुढे बोलवावे.

धातूंच्या जळण्याविषयी दोन शब्द सांगतो. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचाही प्राणवायूशी संयोग होतो, पण तो पृष्ठभागावर आणि सावकाश. ॲल्युमिनियमवर त्याच्या भस्माचा इतका पातळ व घट्ट पापुद्रा धरतो की त्याखालच्या धातूपर्यंत प्राणवायू पोचतच नाही. हे भस्म दोन हजार अंशांच्या वर वितळणारे आहे. मात्र चिंच, टोमॅटो, ताक अशा आंबट पदार्थांनी हा पापुद्रा झिजतो, म्हणून आंबट जिन्नस ॲल्युमिनियमच्या भांड्यात फार वेळ शिजवू वा ठेवू नये, असे सांगतात.

तिसरा प्रश्न वितळण्याचा. पदार्थाचे कण एकमेकांना ज्या बंधाने धरून असतात, तो बंध जितका बळकट तितका तो पदार्थ वितळविण्यास अधिक उष्णतामान लागते. काही आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत. कथील २३२ अंश, शिसे ३२७, जस्त ४२०, ॲल्युमिनियम ६६०, तांबे १०८५, लोखंड १५३८. मातीतील मुख्य घटक जी वाळू, म्हणजे सिलिका, ती १७०० अंशांच्याही वर वितळते. या यादीवर नजर टाकली की चुलीवर कोण टिकेल आणि कोण टिकणार नाही हे मुले स्वतःच सांगू लागतात. ॲल्युमिनियम त्यात काठावरचे आहे. रिकामे पातेले निखाऱ्यांवर विसरले गेले तर त्याचा तळ बसतो, प्रसंगी भोकही पडते.

या ठिकाणी कल्हईचा दाखला अत्यंत उपयोगी पडतो. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात, म्हणून आतून कथिलाचा लेप देतात. कल्हईवाला भांडे तापवितो, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतो, कथिलाची कांडी टेकवितो आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवितो. सारी कला यात आहे की, कथील २३२ अंशांवर वितळते आणि पितळ नऊशेच्या पुढे. लेप पातळ होतो, भांडे मात्र जसेच्या तसे राहते. पण जो गुण कल्हई लावताना सोयीचा, तोच वापरताना जपावा लागतो. अशा भांड्यात वरण उकळले तर पाणी त्याला शंभर अंशांच्या आसपास ठेवते आणि लेप सुरक्षित राहतो. तेच भांडे रिकामे तापविले, वा त्यात कोरडे भाजले, तर लेप वितळून ओघळतो. आमच्या आयाबाया कल्हईच्या पातेल्यात फोडणी करीत नसत, ती पळीत वा कढईत करून वरून ओतीत. द्रवणांक हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण त्यामागचा नियम त्या रोज पाळीत होत्या. कल्हईसाठी शुद्ध कथीलच वापरले जाईल हे पाहावे. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते अन्नात उतरण्याचे भय असते.

यावरून एक सूत्र निघते. भांड्याची सहनशक्ती त्यातील सर्वांत दुबळ्या भागाएवढीच असते. गंज पितळेचा असला तरी त्याची मर्यादा कथिलाने ठरते. कढई लोखंडी असली तरी तिच्या प्लास्टिकच्या दांड्याने ठरते. हल्ली घरोघर आलेल्या न चिकटणाऱ्या काळ्या तव्यावर जो लेप असतो, तो १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती लागलेल्या एका पदार्थाचा असतो. तो सुमारे २६० अंशांपर्यंतच निर्धास्तपणे वापरावा. तो तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवला तर काही मिनिटांतच ही मर्यादा ओलांडतो, आणि फारच तापला तर लेपातून अपायकारक वाफारे निघतात. तेव्हा तवा कशाचा, एवढेच विचारून भागत नाही, त्यावर काय लावले आहे हेही विचारावे.

चौथा प्रश्न तडकण्याचा. उष्णतेने बहुतेक पदार्थ प्रसरण पावतात. एक मीटर लांबीची पितळेची पट्टी शंभर अंशांनी तापविली तर सुमारे दोन मिलिमीटरने वाढते. सगळी वस्तू सारखीच वाढली तर बिघडत नाही. पण एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली, तर एक भाग वाढू पाहतो आणि दुसरा त्याला अडवितो. या ओढाताणीत बहुतेक धातू थोडासा वाकून वेळ निभावतो, शिवाय त्यातून उष्णता लवकर पसरते. काच व चिनीमाती यांना वाकता येत नाही, म्हणून त्या तडकतात. बिडाचा तवा धातूचा असूनही ठिसूळ असतो. तो तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतू नये, हे घरातील वडीलधारी माणसे सांगतात ते याच कारणाने.

साध्या काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तो फुटतो, पण प्रयोगशाळेतील चंचुपात्र ज्योतीवर ठेवले तरी फुटत नाही. दोन्ही काचच. फरक असा की, जर्मनीतील ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉनयुक्त काच सिद्ध केली. ती साध्या काचेच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रसरण पावते. पुढे १९१५ साली अमेरिकेत अशा काचेची स्वयंपाकाची भांडी विक्रीस आली. ही काच न फुटण्याचे कारण वितळण्यात शोधू नये. ती थोडे फुगते, एवढेच कारण आहे.

मग आपले मडके तर फुगतेही आणि वाकतही नाही, ते का तडकत नाही? याचे उत्तर कुंभाराच्या मळणीत आहे. तो नुसती चिकण माती घेत नाही. तिच्यात राख, बारीक रेती, लीद किंवा भाताचा कोंडा मिसळतो. भाजताना लीद व कोंडा जळून जातात आणि मागे असंख्य बारीक पोकळ्या राहतात. तडा जाऊ लागला तर तो अशा पोकळीपाशी येऊन थांबतो, पुढे धावत नाही. याच पोकळ्यांमुळे माठातील पाणी गार राहते, आणि याच पोकळ्यांमुळे विदर्भातील उपड्या मडक्यावर लांब रोटी भाजता येते. खाली धगधगते लाकूड, वर ओल्या कणकेची झुळझुळीत पोळी, आणि मध्ये बोटभरही जाड नसलेले खापर! भाताच्या कोंड्याच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते, म्हणजे आपल्या शेतात पिकणाऱ्या धान्याचे टरफलही या कामी येते.

दगडाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. सहलीला गेल्यावर मुले नदीतले गोटे आणून चूल मांडतात. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस हे नवे नाही. पाण्यात राहिलेल्या दगडाच्या भेगांत पाणी मुरलेले असते. आच लागताच त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर दगड आवाज करून फुटतो आणि कपच्या उडतात. शिवाय गारगोटीचे स्फटिक ५७३ अंशांवर एकाएकी फुगतात, तेही दगड फोडावयास पुरेसे असते. तेव्हा नदीतील ओल्या गोट्यांची चूल मुलांना कदापि मांडू देऊ नये. कोरड्या भाजक्या विटा घ्याव्यात.

येथवर आपण घरच्या चुलीपाशी होतो. आता त्याच चार प्रश्नांनिशी थोडे दूर जाऊ, फार दूर नव्हे, आपल्याच जिल्ह्यात. वरठीजवळ पोलादाचा कारखाना आहे. पोलाद वितळते १४०० ते १५०० अंशांच्या दरम्यान. ते ज्या पात्रात ओततात त्याचे कवचही पोलादाचेच असते. मग ते पात्र का वितळत नाही? कारण त्याला आतून अग्निरोधक विटांचे अस्तर असते. आणि अशा विटांना लागणारी खनिजे आपल्या जिल्ह्याच्या भूमीत सापडतात. पोहरा, दहेगाव या गावांच्या परिसरात सिलिमनाइट व कायनाइट ही खनिजे आहेत. दोहोंची घटना एकच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन व प्राणवायू यांची, फक्त कणांची मांडणी निराळी. म्हणजे कुंभाराच्या मातीत जी मूलद्रव्ये आहेत तीच येथेही आहेत, पण चुना, लोह, क्षार अशी लवकर वितळविणारी भेसळ अतिशय कमी आणि ॲल्युमिनियमचे प्रमाण अधिक.

ही खनिजे खूप तापविली की त्यांचे मुलाइट नावाच्या पदार्थात रूपांतर होते. मुलाइट १८०० अंशांनंतरही तग धरते व त्याचे प्रसरणही थोडे असते. चांगल्या चिनीमातीच्या कपबशीतही हाच पदार्थ अंशतः तयार झालेला असतो. कायनाइटची एक खोड मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे रूपांतर होताना ते बरेच फुगते. तसेच कच्चे विटेत घातले तर वीट फुटते. म्हणून ते पुष्कळदा आधी भट्टीत भाजून घेतात आणि मग त्याची वीट करतात. त्या मुलीचे उत्तर आपणांस आठवत असेल. आधीच आगीतून गेलेले आगीत टिकते, हे कुंभाराच्या आव्याइतकेच पोलादाच्या भट्टीलाही लागू पडते.

आता आपल्या रोजच्या जबाबदारीकडे वळू. शाळेत पोषण आहार शिजतो. कोठे गॅस आहे, कोठे अद्याप लाकूड. मोठमोठी पातेली उतरविली जातात आणि आसपास लहान मुले वावरत असतात. वरील विवेचनातून निघणारे काही नियम स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बसून आदरपूर्वक बोलावेत. उकळती खिचडी वा वरण प्लास्टिकच्या बादलीत काढू नये, कारण पुष्कळसे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. पातेले उतरविताना ओले फडके घेऊ नये, ओल्या कापडातून उष्णता हाताला झटकन पोचते. फडके कोरडे व जाड असावे. तापलेल्या तेलात पाणी पडू देऊ नये आणि तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. आच बंद करावी व झाकण ठेवून हवा तोडावी. भांडे रिकामे असताना आचेवर ठेवू नये. आणि चूल विझली तरी खापर व विटा दीर्घकाळ तापलेल्या राहतात, हे मुलांना बजावून सांगावे. तापलेला तवा लाल दिसतोच असे नाही. काळा, शांत दिसणारा तवाही हात भाजण्यास पुरेसा असतो.

इतके करूनही एखादे मूल भाजले, तर भाजलेल्या भागावर लगेच वाहते गार पाणी सोडावे आणि सुमारे वीस मिनिटे सोडत राहावे. बर्फ, हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकून मुलास आरोग्यकेंद्रात न्यावे. त्या वीस मिनिटांत काय करावे हे प्रत्येक शिक्षकास तोंडपाठ असले पाहिजे. कातडीच्या आत शिरलेली उष्णता पाणीच काढून नेते. भाताच्या तळाचे रक्षण करणारे पाणी येथे मुलाचे रक्षण करते.

शेवटी, वर्गात हा पाठ कसा घ्यावा? तिसरी ते पाचवीच्या मुलांना घरातील दहा वस्तूंची यादी करून आणावयास सांगावी. ज्या आचेवर ठेवतात त्या एका बाजूस, ज्या ठेवत नाहीत त्या दुसऱ्या बाजूस. ही यादी मुलांनी आई-आजीला विचारून करावी, वस्तू आचेवर ठेवून मुळीच पाहू नये. फळ्यावर चार रकाने आखावेत, किती तापते, जळते का, वितळते का, तडकते का. प्रत्येक वस्तू या चार रकान्यांतून न्यावी. सहावी ते आठवीच्या मुलांनी द्रवणांकांचे आकडे त्यांपुढे मांडावेत. कागदी द्रोणाचा प्रयोग शिक्षकाने करावा, मुलांनी अंतरावरून पाहावा आणि निरीक्षण स्वतःच्या शब्दांत लिहावे. शक्य असेल तर गावातील कुंभारकाकांना वा तांब्यापितळेचे काम करणाऱ्या कारागिरास एक तास वर्गात बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, आणि प्रश्न मुलांनी विचारावेत. कोणती माती, तिच्यात काय मिसळता, आवा किती वेळ जळतो, किती मडकी फुटतात व का, असे प्रश्न मुलांना आपोआप सुचतील.

उत्तरे तपासताना एक पथ्य पाळावे, एवढीच माझी विनंती आहे. मुलाचे उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर फुली मारण्यापूर्वी त्याला जवळ बोलावून विचारावे, 'बाळ, हे तुला कसे कळले?' त्याने पाहिलेले सांगितले तर ते ऐकून घ्यावे, आणि त्यात कारण सापडले तर पूर्ण गुण द्यावेत. चूक असेल तर ती कोठे आहे हे चार प्रश्नांच्या साहाय्याने त्याच्याकडूनच काढून घ्यावे. पुढील बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील अशी दोन उत्तरे लिहून आणावीत, जी पुस्तकात नाहीत पण खरी आहेत. ती आपण सर्वजण मिळून वाचू.